विहिरीत उतरण्याआधी एक प्रश्न : दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात?

उन्हाळा चढू लागला की गावोगावी विहिरींचा गाळ काढायला सुरुवात होते. पाणी तळाला गेलेलं असतं, फूटव्हॉल्व्ह उघडा पडलेला असतो. पावसाआधी चार-पाच फूट खोली वाढली तर बरं, असा शेतकऱ्याचा साधा हिशेब असतो. नेमक्या याच दिवसांत विहिरीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. दोन दिवस हळहळ होते, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात आणि विषय संपतो. पण या बातम्या एकापुढे एक ठेवून वाचल्या, तर त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ती समजून घेतली तर पुढचे जीव वाचू शकतात.

तीन गावं, अठरा मृत्यू

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात वापरात नसलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीत बायोगॅसची शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एकजण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहाजण खाली गेले. त्यातले पाच दगावले. सहावा वाचला, कारण त्याच्या कंबरेला दोर होता आणि वरच्या लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

५ जुलै २०२४. छत्तीसगडच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यातलं किकिरदा गाव. विहिरीत पडलेलं लाकूड काढायला एकजण उतरला आणि बेशुद्ध पडला. त्याला वाचवायला बाकीचे गेले. एकूण पाच मृत्यू.

३ एप्रिल २०२५. मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यातलं कोंडावत गाव. गणगौरीच्या विसर्जनासाठी जुनी विहीर साफ करायची होती. गाळात उतरलेले आणि त्यांच्या मदतीला धावलेले मिळून आठजण गेले.

कारणं किती छोटी आहेत बघा. एक मांजर, एक लाकूड, थोडा गाळ. विषारी हवेनं पहिला माणूस जातो हे खरं. पण आकडा एकावरून पाचावर, आठावर जातो तो हवेमुळं नाही, तर मागोमाग उडी घेणाऱ्या आपल्याच माणसांमुळं. मामला मायेचा असतो आणि घात तिथंच होतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेनं १९८६ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं. टाक्या, खड्डे, विहिरी अशा बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले होते.

म्हणजे हा प्रश्न एकट्या वाकडीचा नाही आणि अडाणीपणाचाही नाही. जगभर माणूस असाच वागतो. मग खोल खड्ड्यात उतरूनही सुखरूप परत येणारे लोक काय वेगळं करतात, हे बघणं गरजेचं आहे.

हौसेनं खोल खड्ड्यात उतरणारे

जगात काही लोक केवळ हौसेनं आणि अभ्यासासाठी दोरावरून शेकडो फूट खोल खड्ड्यांत उतरतात. गट करून जातात, उतरतात, नकाशे काढतात आणि वर येतात. मेक्सिकोत सान लुईस पोतोसी राज्यात आकिस्मोन गावाजवळ असा एक खड्डा आहे. त्याच्या खालच्या काठावरून सरळ तळापर्यंत ३३३ मीटर, म्हणजे सुमारे अकराशे फूट खोली आहे. साडेचार कुतुबमिनार एकावर एक ठेवले तर जेमतेम काठापर्यंत येतील. १९६६ साली दोराच्या आधारानं काहीजण पहिल्यांदा त्याच्या तळाला पोचले. आजही तिथं गट उतरतात आणि वर येतात.

आपल्या भागात असे नैसर्गिक खड्डे का नाहीत? कारण दगड. तिकडचा दगड चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, किंचित आंबट होतं आणि हजारो-लाखो वर्षांत चुनखडी विरघळवून आत पोकळ्या करतं. मेघालयातल्या लांबच लांब गुहा बऱ्याचशा अशाच झाल्या. आपला सह्याद्री आणि पठार काळ्या दगडाचं, लाव्हा थंड होऊन झालेलं. तो दगड पाण्यात असा विरघळत नाही. म्हणून गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं, म्हणजे छिन्नीनं कोरलेल्या गुहा. आपल्याकडचे खोल खड्डेही तसेच, माणसानं पहार, सुरुंग आणि यारी लावून खणलेले. त्यांनाच आपण विहीर म्हणतो.

फरक एवढाच की तिकडं खड्ड्यात उतरणारा दोन दिवस आधी तयारी करतो. आपल्याकडं माणूस चप्पल काठावर काढून पायऱ्यांच्या कपारीत पाय ठेवत खाली जातो.

त्यांची शिस्त काय असते?

दोर हा या लोकांचा जीव. तो एकाच जागी बांधत नाहीत. खडकात दोन ठिकाणी आधार घेतात, एक सुटला तर दुसरा धरेल. दोर जिथं दगडाच्या धारेवर घासेल तिथं खाली जाड कापड घालतात. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे दोर तळाला पोचला नसेल तरी माणूस टोकावरून सुटून पडत नाही.

माणूस दोर हातात धरून उतरत नाही. मांड्या आणि कमरेभोवती पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याला उतरताना वेग आवरणारं एक साधन लावलेलं असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे वर चढायची साधनंही त्याच्या अंगावरच असतात. ही साधनं दोरावर वर सरकतात, खाली घसरत नाहीत. म्हणजे खाली जाणारा माणूस परतीची सोय सोबत घेऊनच निघतो. डोक्यावर हेल्मेट, एकाहून जास्त दिवे.

एका दोरावर एका वेळी एकच माणूस. तो खाली पोचून बाजूला झाला की ‘दोर मोकळा’ अशी आरोळी देतो. ती ऐकू आल्याशिवाय दुसरा पाय टाकत नाही.

गट आत जाण्याआधी बाहेरच्या कुणाला तरी वेळ सांगून ठेवतो. अमुक वाजेपर्यंत आमचा निरोप आला नाही तर मदत बोलवा. बाहेरचा माणूस स्वतः आत धावत नाही, तो फोन लावतो.

आणि हवा. खाली श्वास जड झाला, डोकं दुखायला लागलं, धाप लागली, तर काम अर्धवट टाकून सगळे परत फिरतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

एवढं करूनही संकट येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या मोर्का गुहेत मार्क डिकी हा अमेरिकी गुहाशोधक हजार मीटरहून जास्त खोलीवर आजारी पडला. आतड्यातून रक्तस्राव सुरू झाला. हा माणूस स्वतः गुहेतून माणसं सोडवण्याचं शिक्षण देणारा. तरीही त्याला स्वतःहून वर येता येईना. सोबतच्यांनी त्याला पाठीवर टाकून घाईनं ओढत आणलं नाही. निरोप वर पाठवला. डॉक्टर दोरावरून खाली उतरले, तिथंच त्याला रक्त चढवलं, प्रकृती स्थिर केली. अरुंद वाटा रुंद केल्या. अनेक देशांतले सुमारे दोनशे लोक कामाला लागले आणि १२ सप्टेंबरला, दहा-अकरा दिवसांनी, स्ट्रेचरवरून त्याला जिवंत बाहेर आणलं. सुटका करणाऱ्यांपैकी कुणाचा जीव गेला नाही.

तिथली खोली हजार मीटर. वाकडी, किकिरदा, कोंडावतच्या विहिरी तिच्यापुढं काहीच नाहीत. माणसाचा जीव खोलीमुळं जातो असं नाही, हे यावरून दिसतं.

विहिरीत नेमकं होतं काय?

चांगल्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद पडलेल्या विहिरीत पालापाचोळा, मेलेली जनावरं, शेण कुजत राहतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी साचतो आणि चांगल्या हवेला वर ढकलतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

शेण आणि स्लरीतून मिथेनही निघतो. त्याला वास नाही आणि तो पेट घेतो. त्याच सडण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे धोका गेला. प्रत्यक्षात धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

चौथी गोष्ट आपण स्वतः विहिरीत सोडतो. पाणी खोल गेलं म्हणून डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन आतल्या टप्प्यावर ठेवून चालवतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही, पण जीव घेतो. नव्या विहिरीत सुरुंग उडवल्यावरचा धूरही तसाच घातक. बार झाला की लगेच खाली उतरायचं नाही.

ऑक्सिजन फारच कमी असलेल्या हवेत दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. ओरडायला, वर चढायला वेळ मिळत नाही. म्हणून वरच्यांना वाटतं की चक्कर आली असेल, पाय घसरला असेल. आणि दुसरा उतरतो.

कंदील सोडून बघायची जुनी पद्धत अनेकांना माहीत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही, इतकं त्यातून नक्की कळतं. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं मात्र नाही. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड ज्योतीला कळत नाहीत. आणि स्लरीच्या खड्ड्यात, गोबरगॅसच्या टाकीत, सांडपाण्याच्या विहिरीत तर ज्योत सोडायचीच नाही, मिथेन असेल तर भडका उडेल. हवेतले वायू मोजणारं छोटं यंत्र मिळतं. खात्रीचा उपाय तोच.

‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या उतरतोय’

गावात हे सांगितलं की एक उत्तर हमखास येतं. आमचे आजे-पणजे उतरत होते, त्यांना कधी काही झालं नाही. यात तथ्य आहे, पण विहीर तीच राहिलेली नाही. मोटेच्या आणि रहाटाच्या काळात रोज पाणी ढवळलं जायचं, हवा हलायची, विहीर वापरात असायची. आता पाणबुडी मोटर बसली, बोअर झालं, जुनी विहीर विसरली गेली. कुठं तिच्यावर जाळी आणि पाला पडला, कुठं तिच्यात कचरा गेला, कुठं स्लरी सोडली. विहीर जितकी जास्त दिवस बंद, तितकी जास्त धोक्याची.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे. डोळ्यांसमोर भाऊ मरत असताना नियम कोण पाळणार? कुणीच नाही. ती वेळ नियम आठवायची नसतेच. गुहेत उतरणारे शहाणे असतात म्हणून वाचतात असं नाही. कुणी काय करायचं, हे उतरण्याआधी ठरलेलं असतं म्हणून वाचतात. वर थांबणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं की काहीही झालं तरी तू उतरायचं नाहीस. आपल्याकडं ते ठरवायला काठावर पाच मिनिटं थांबावं लागेल, एवढंच.

कायदा आहे, पण बांधापर्यंत पोचलेला नाही

गंमत म्हणजे ही शिस्त आपल्या देशात फार आधी कागदावर आली. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं ३६ वं कलम अशाच जागांविषयी होतं. विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात माणसाला पाठवायचं असेल तर आधी आतली हवा सुरक्षित आहे हे लेखी तपासून घ्या. नाहीतर त्याला श्वसनाचं साधन द्या, पट्टा घाला, पट्ट्याला दोर बांधा आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात ठेवा. वाकडीत सहावा माणूस ज्या दोरामुळं वाचला, तो दोर कायद्याला ७५ वर्षांपूर्वीच माहीत होता. पण कायदा कारखान्याचा. शेतातली विहीर म्हणजे कारखाना नव्हे. तिथं ना निरीक्षक येतो, ना कुणी पट्टा मागतो.

मग विहिरीत उतरतं कोण? कधी स्वतः शेतकरी, बऱ्याचदा मजूर. विहिरी खोदण्याचं, दगड फोडण्याचं काम वडार समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. यातल्या कित्येकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. सातबारावर नाव नसलेला मजूर दुसऱ्याच्या विहिरीत गेला, तर त्याच्या घरच्यांना या योजनेचा आधार नाही. सर्वांत जास्त धोका ज्याच्या वाट्याला, त्याच्यामागं सर्वांत कमी आधार, अशी ही स्थिती आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचं काम सुरू असताना कडा ढासळून चार मजूर गाडले गेले. तिथं वायूचा संबंध नव्हता, पण खोलीत माणूस अडकला की त्याला वर काढणं किती अवघड, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. राष्ट्रीय आपत्ती दलाला बोलवावं लागलं आणि मृतदेह हाती लागायला काही दिवस गेले.

गावानं काय करावं?

महाराष्ट्रात दोरावर काम करणारी माणसं कमी नाहीत. कोकणकड्यावर, सांधण दरीत दोरानं उतरणारे गट दरवर्षी येतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते दरीत पडलेल्यांना काढायला पोलिसांच्या हाकेला धावतात. अशा संस्थांकडून तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा गावातल्या दहा-वीस तरुणांना आणि विहिरीच्या ठेकेदारांना दोर, हार्नेस आणि गाठींचं शिक्षण देता येईल. तहसील आणि पंचायत समितीनं मनावर घेतलं तर हे अशक्य नाही.

साहित्यही फार लागत नाही. काठावर ठेवायची तिपाई, कप्पी, चांगला दोर, दोन हार्नेस, हवा तपासायचं यंत्र आणि पाइपानं तळापर्यंत ताजी हवा सोडणारा ब्लोअर. प्रत्येक गावाला वेगळं नको. चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक संच घेतला, तो एका ठिकाणी ठेवला आणि विहिरीचं काम निघालं की नेला, तरी भागेल. सरकारी योजनांतून सिंचन विहिरी मंजूर होतात. त्यांच्या अंदाजपत्रकात उतरणाऱ्या मजुराच्या सुरक्षेला किती पैसे धरलेत, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

हे सगळं होईपर्यंत घरच्या घरी पाळता येतील अशा गोष्टी :

• स्लरीचा खड्डा, गोबरगॅसची टाकी, बरेच दिवस बंद असलेली विहीर, यांत यंत्रानं हवा तपासल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही.

• बादली, लाकूड पडलं तर गळ टाकून काढा. मांजर, कोंबडी पडली तर दोराला पाटी किंवा टोपली बांधून सोडा. माणूस सोडू नका.

• इंजिन विहिरीत ठेवून चालवू नका. मोटर असेल तर उतरण्याआधी वीज बंद करा आणि स्टार्टरपाशी माणूस उभा करा.

• उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस हवा. कंबरेला नुसता दोर बांधून लटकलेल्या माणसाचा श्वास कोंडतो. पण हार्नेस नाही म्हणून बिनदोराचं उतरणं हा पर्याय नव्हे. त्या दिवशी काम थांबवा.

• काठावर निदान तीन-चार धडधाकट माणसं हवीत, दोर पक्क्या आधाराला बांधलेला हवा. खालच्याशी सतत बोलत राहा. उत्तर आलं नाही की ओढायला लागा, उतरायला नाही.

• कुणी खाली पडला आणि अंगाला दोर नसेल, तर ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. खाली विषारी वायू असण्याची शक्यता आहे हे सांगा, म्हणजे पथक श्वसनाची साधनं घेऊन येईल. तोवर वरून ब्लोअरनं हवा सोडता आली तर सोडा.

• वर काढलेल्याला मोकळ्या हवेत आडवं करा, भोवतीची गर्दी हटवा. श्वास नसेल तर येत असेल त्यानं छाती दाबायला सुरुवात करावी.

यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे ती काठावर थांबण्याची. खाली आपला माणूस पडलेला असताना वर थांबणारा भित्रा ठरतो, लोक नावं ठेवतात. गावानं आधी ही समजूत बदलायला हवी. दोर धरून काठावर उभा राहणारा माणूस खाली उतरलेल्याइतकंच मोठं काम करत असतो. त्याला ‘तू का नाही उतरलास?’ असं कुणी विचारू नये.

१ मे रोजी गावोगावी ग्रामसभा होते आणि गाळ काढायचा हंगामही तेव्हा ऐन भरात असतो. घरकुल, रस्ता, गटार या विषयांसोबत एक ठराव यावरही व्हावा. गावात बंद विहिरी किती आणि कुणाच्या, कोणत्या उघड्या आहेत, कोणत्यांत स्लरी किंवा सांडपाणी सोडलंय, याची यादी करावी. त्या विहिरींवर जाळी बसवावी, कठडा बांधावा आणि ‘आत विषारी हवा, उतरू नका’ असा ठळक फलक लावावा. फलकाला आणि जाळीला लागणारा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. यादी करायला तर एक पैसाही लागत नाही.